शब्दांमधला दम

१

रुपरावला ही गोष्ट सांगायची नव्हती. दोन महिने झाले, सून मागं लागली आहे, सुनेच्या मागं तिची बहीण. आणि आता शेजारचे वामनराव रोज संध्याकाळी घरून खुर्ची उचलून आणतात, अंगणात मांडतात आणि म्हणतात, "सांगा नं गा ते तारेचं." म्हाताऱ्याचं तोंड वाजवून घ्यायची लोकांना हौस. ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन 'म्हातारा सरकला' म्हणतात. तर एकदाची सांगून टाकलेली बरी. फक्त 'ते कोण होतं' असं मध्ये विचारायचं नाही. रुपरावला ते माहीत असतं तर त्यानं वामनरावांची वाट पाहिली नसती.

साल सदुसष्ट. धंतोलीत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत मधुकरराव मास्तरांचा तारेचा क्लास होता. मास्तर रिटायर झालेले तारबाबू. कडकट्ट शिकवायचे, आणि पोरं तारखात्याच्या परीक्षेला बसायची. रुपराव तिथं झाडू मारायचा, खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा आणि घड्याळ धरायचा. हे घड्याळ धरणंच त्याचं खरं काम. बाकीचं कोणीही केलं असतं.

एका खोलीत 'की', म्हणजे तार पाठवायला दाबायचं यंत्र, दुसऱ्या खोलीत ती वाजवणारा पितळी साउंडर. मध्ये भिंतीला भोक पाडून तार ओढलेली. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की इकडे पोराचा हात दिसायचा आणि तिकडचा आवाज ऐकू यायचा. रुपराव तिथं उभा राही. एका हातात स्टॉपवॉच, डाव्या खिशात चिंचोके. एक शब्द संपून दुसरा सुरू व्हायच्या मध्ये बारीकसा थांबा असतो, त्याला मास्तर 'दम' म्हणत. दम आला की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. मिनिट झालं की उजवा खिसा मोजायचा. झाला स्पीड.

इंग्रजी अक्षर त्याला एक येत नव्हतं. पण सहा वर्षं उंबऱ्यावर उभं राहून त्याला हात कळायला लागले होते. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो, चालण्यासारखा. डोळे मिटून रुपराव सांगायचा, हा सावजी, हा बोबडे, हा आज उपाशी आला आहे.

२

त्या उन्हाळ्यात क्लासात एकच पोरगी होती, प्रेमलता गजभिये. तेवीस वर्षांची, सावळी, तोंडानं फटकळ. तिचा बाप देवराव कापडाच्या मिलमध्ये होता. त्याच्या छातीत कापूस बसला आणि तो घरी बसला. मागं तीन लहान भावंडं. छप्पन साली बापाचं बोट धरून ती दीक्षेला गेली होती, आणि त्या दिवशी बापानं सांगितलं होतं, तू खुर्चीवर बसायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

स्पीड लागायचा मिनिटाला पंचवीस शब्द. प्रेमलता एकवीसवर अडकली होती. महिनाभर रोज एकवीस.

"काकाजी, तुमचं घड्याळच धावून राहिलं," ती म्हणायची.

"घड्याळ नाही धावत वं. तुझा हात रांगून राहिला."

"मंग एक चिंचोका जास्त सरकवा नं. कोणाले समजते?"

"मले समजते."

मास्तरांनी तिच्यावर सगळे उपाय केले. मनगटावर काडेपेटी ठेवायची आणि ती न पाडता की दाबायची. घामानं बोट सरकू नये म्हणून चिमटीला पावडर लावायची. हातातल्या बांगड्या काढून टाकायच्या. शेवटी मास्तर म्हणाले, "प्रेमलता, तू दम फार घेतेस. शब्दांमधला दम गिळ. तिथंच तुझे चार शब्द पडलेत."

रुपरावला तिचा हात आवडायचा, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. हलका होता. प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ, म्हणजे लांब ठोका, ती जरा ओढायची, आडातून बादली वर आली की बाया शेवटचा हिसका देतात तशी. मास्तर म्हणायचे ती खोड आहे, जायला हवी.

३

मे महिन्यात नागपूरला दुपारी बारा ते चार माणूस रस्त्यावर दिसत नाही. मास्तर घरी जेवायला जात आणि झोपून येत. बाकीची पोरंही पांगत. प्रेमलता तेवढी थांबायची, कारण घरी सरावाला की नव्हती. ती पुस्तकातला मजकूर पाठवायची, रुपराव घड्याळ धरायचा.

एका मंगळवारी मिनिट झालं. तिनं पुस्तकात जिथं थांबली तिथं बोट ठेवून शब्द मोजले, "एकवीस. मेलं एकवीसच."

रुपरावनं खिसा मोजला. बावीस.

त्याला वाटलं, दोन चिंचोके चिकटले असतील. घरी जाऊन त्यानं ते सगळे धुतले, वाळवले, एकेक तपासला. बुधवारी पुस्तकात एकवीस, खिशात तेवीस. खिसे उलटे करून पाहिले. खिशाला भोक असतं तर चिंचोके कमी भरले असते. जास्त कुठून येतील?

गुरुवारी त्यानं मोजणं सोडलं आणि नुसतं पाहिलं. तिनं एक शब्द पाठवला आणि हात वर उचलला. हात वर होता, अधांतरी, आणि पलीकडच्या खोलीत साउंडर वाजला. छोटा ठोका, लांब, लांब, छोटा. लांब, लांब, छोटा. मग तिचा हात खाली आला आणि तिचा शब्द सुरू झाला.

"वाजलं का तुले काही?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तुझ्या दमात."

ती हसली. "दम लागून राहिला तुमालेच. पाणी प्या."

रुपरावच्या गावी दर पिंपळावर काहीतरी बसलेलं असे, आणि त्यातलं एकही त्याला कधी भेटलं नव्हतं. तेव्हा त्यानं माणसासारखा विचार केला. रस्त्यावरून तारांचे खांब गेलेत, त्यातलं काही इकडे झिरपत असेल. म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि क्लासाची तार हातानं चाचपत गेला. कीपासून भिंतीच्या भोकापर्यंत, भोकातून साउंडरपर्यंत, तिथून दोन बॅटऱ्यांपर्यंत आणि परत. बारा हात तार. तिचं एकही टोक खिडकीबाहेर जात नव्हतं.

संध्याकाळी मास्तरांनी कीचा स्क्रू आवळला, स्वतः दहा मिनिटं वाजवून पाहिलं, आणि म्हणाले, "अरे रुपराव, उन्हात टोपी घालत जा."

४

तारेवर एक रीत असते. प्रत्येकाचं दोन अक्षरांचं नाव असतं. कोणाला बोलवायचं तर त्याचं नाव वाजवत राहायचं, तो ओ देईपर्यंत. आणि आपलं नाव वाजलं की ओ द्यावीच लागते. न देणं म्हणजे मोठा उद्धटपणा, जुने तारबाबू त्यावरून आयुष्यभर बोलणं टाकत. ओ दिली की पलीकडचा माणूस सुरू होतो, आणि मग त्याचं होईपर्यंत मध्ये हात घालायचा नाही.

छोटा-लांब-लांब-छोटा, लांब-लांब-छोटा हे क्लासात कोणाचं नाव आहे ते रुपरावला माहीत होतं. दिवसातून दहा वेळा मास्तर ते वाजवायचे. ते प्रेमलताचं होतं.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. खालच्या दवाखान्यातले पंखे थांबले, बायांचं बोलणं थांबलं. वाळ्याच्या ताटीतून पाण्याचा थेंब पडायचा तेवढा आवाज. तिनं सरावाला सुरुवात केली आणि आता तिलाही ऐकू आलं. तिचा हात वरच थांबला.

साउंडर वाजत होता. तिचं नाव. थांबून परत तिचं नाव. घाई नाही, राग नाही.

"कोण आहे हो पलीकडे?" ती कुजबुजली.

रुपराव आत जाऊन पाहून आला. खोलीत मास्तरांची रिकामी खुर्ची आणि साउंडर. त्याची पितळी पट्टी खालीवर होत होती.

"कोणी नाही. उठ तिथून. घरी जाय."

"काहून? कोणी जुना तारवाला असंल लाइनवर. हात पाहा नं कसा आहे, काकाजी. तीसच्या वर असंल त्याचा स्पीड."

"लाइन कोठं आहे वं? बारा हात तार आहे. मी मोजली."

"आपलं नाव घेतलं तर माणूस ओ देत नाही का?"

"नको देऊ."

तिच्या कपाळावर घाम होता. "सतरा दिवस राहिले परीक्षेले," ती म्हणाली. "चार शब्द कमी आहेत मले. तुमी देता का?"

आणि तिनं की दाबली. लांब, छोटा, लांब. म्हणजे, बोला.

साउंडर थांबला. खूप वेळ काही वाजलं नाही. मग खाली वीज आली, पंखे सुरू झाले आणि ती हसत म्हणाली, "पाहा. घाबरट आहा तुमी."

५

सोमवारी तिचा स्पीड सव्वीस आला. बुधवारी एकोणतीस.

पुस्तकात एकोणतीस, खिशातही एकोणतीस. एक चिंचोका इकडचा तिकडे नाही. दम मोजता येण्यापुरते उरलेले. मास्तरांनी पेढे आणवले. देवराव गजभिये खोकत खोकत जिना चढून आला, मास्तरांच्या पाया पडायला वाकला आणि मास्तरांनी त्याला वरच्या वर उचललं. सगळा क्लास खूश होता.

रुपरावनं पेढा खिशात टाकला. त्यानं डोळे मिटून ऐकलं होतं. शेवटची ओढलेली रेघ गेली होती. हात जड होता, सपाट, खूप वर्षं हेच काम केलेल्या माणसाचा. अशा हाताचं पोर क्लासात नव्हतं, मास्तरांचाही हात असा नव्हता.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं टेबल पुसायला घेतलं. कीच्या काळ्या गोल मुठीवर पावडर बसलेली होती आणि तिच्यात चिमटीचे ठसे उठले होते. अलीकडून अंगठा, पलीकडून दोन बोटं. हे प्रेमलताचे, बारीक. आणि त्यांच्यावर दुसरे. तिथं अंगठा पलीकडून होता. रुंद, चापट अंगठा, भिंतीकडून लावलेला.

टेबल भिंतीला चिकटून होतं. भिंतीपलीकडे गॅलरी नाही, काही नाही. पहिल्या मजल्यावरून सरळ खाली रस्ता.

रुपरावनं मूठ पुसली. मग फडकं धुतलं. मग ते फडकं परत वापरायचं नाही असं ठरवून टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यानं तिला गाठलं. "हात दाखव."

"काहून?"

"दाखव तं."

तिनं दाखवला. धडधाकट हात. पण बोलत असताना तिची पहिली दोन बोटं पदरावर हलत होती, छोटा, लांब, छोटा. तिला पत्ता नव्हता.

"झोपेतही करते म्हणते माय," ती म्हणाली. "सराव आहे, काकाजी."

६

शनिवारी सकाळी मास्तरांनी क्लासाची चाचणी ठेवली. यात जो पंचवीसच्या वर त्याचंच नाव परीक्षेला जाणार. मास्तर आत साउंडरपाशी कागद घेऊन बसले. पोरं भिंतीला लागून उभी. प्रेमलता कीवर. रुपराव उंबऱ्यावर.

"सुरू," मास्तर आतून म्हणाले. रुपरावनं घड्याळ दाबलं.

या वेळी तो तिच्या मनगटाकडे पाहत नव्हता, बोटाच्या टोकाकडे पाहत होता. आणि मिनिटाच्या मध्यावर त्याला ते दिसलं. मूठ खाली जायची आणि तिचं बोट मागून जायचं. केसभर अंतर, पण होतं. ती कीला दाबत नव्हती. की तिच्या बोटाला खाली घेऊन जात होती. आणि बोट हवेत उचललेलं असतानाही तिची नखं पांढरी होती, वरून कोणी बोट ठेवून दाबल्यासारखी.

मिनिट संपलं. "बस," रुपराव म्हणाला.

प्रेमलतानं वळून त्याच्याकडे पाहिलं. "झालं नं काकाजी?" ती म्हणाली. हसत होती. आणि तिच्या पाठीमागं, टेबलावर, तिचा हात वाजवतच होता. आणखी एक शब्द, आणखी दोन. मग सावकाश थांबला.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

त्याच्या उजव्या खिशात एकतीस होते. त्यानं ते मोजले, बोटांनी, दोनदा. त्याला देवराव गजभियेचा खोकला आठवला, तीन भावंडं आठवली. एकतीस म्हटलं तर पोरगी खुर्चीवर बसणार होती. आणि मग जन्मभर रोज आठ तास तिचा हात तिथं कीवर राहणार होता.

"एकवीस," रुपराव म्हणाला.

घड्याळ हातात धरून तो पहिल्यांदा खोटं बोलला.

मास्तर कागद घेऊन बाहेर आले. "माझ्याकडे एकतीस आहेत."

"एकवीस आहे, मास्तर. नाव नका पाठवू तिचं."

"मी बहिरा आहे का रे?"

"तिचे एकवीसच आहेत. बाकीचे कोणाचे आहेत ते तुमी विचारा तिच्या हाताले."

कोणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी रुपरावच्या हातातून घड्याळ काढून घेतलं, आणि म्हणाले, "गरिबाच्या पोरीचं अन्न काढतोस? जा. उद्यापासून येऊ नकोस."

ते त्यानं सोसलं. मास्तर होते. पण प्रेमलता उठून उभी राहिली होती. ती आता हसत नव्हती.

"मले सांगा नं सरळ, काकाजी," ती म्हणाली. "आमच्यातली पोरगी खुर्चीवर बसून राहिली, ते पाहवत नाही तुमाले. इतके दिवस मायेनं बोलत होते, पोटात हे होतं."

रुपरावच्या घरचा गडू त्यानं तिच्यासाठी क्लासात आणून ठेवला होता. दोघं त्याच गडूनं पाणी पीत. हे त्याला तेव्हा बोलून दाखवता आलं असतं. तो चपला घालून जिना उतरला. खाली रस्त्यात उभं राहून त्यानं वर पाहिलं. नुसती चुन्याची सपाट भिंत. आतून कडकट्ट सुरू झालं होतं, आणि तो हात तिचा नव्हता.

७

ती पास झाली. तारेला लागली. रुपराव लाकडाच्या टालावर कामाला लागला.

दोन वर्षांनी मधुकरराव मास्तर स्वतः टालावर आले. म्हणाले, "मी तिची तार ऐकली रे, रुपराव. अडतीसनं पाठवते. त्या हातात दमच नाही. माणूस कुठंतरी दम घेतो." मग म्हणाले, "चुकलं माझं." तेव्हा मास्तरांचं मिटलं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी रुपरावचा साळा वारला आणि पाहुण्यांना तारा करायला त्याला तार ऑफिसात जावं लागलं. सकाळचे अकरा. खिडकीवर सिंधूताई म्हणून जाड भिंगांची बाई होती. तिनं फॉर्म भरून दिले. आतून पंचवीस यंत्रं वाजत होती आणि त्या सगळ्यांत त्याला तो एक हात ऐकू आला. जड, सपाट, मध्ये श्वास नसलेला.

"गजभियेबाई आहे का जी आत?"

"आहे नं. प्रेमलता! तुले कोणी काकाजी भेटायले आले वं!"

ती खिडकीशी आली. वाळली होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला आणि डाव्या हातानं घट्ट धरलेला, मांजर धरतात तसा.

"बरे आहा का, काकाजी?"

"मी बरा आहो. तू बरी आहे का?"

"बाबा घरीच आहेत. लहान्याले कॉलेजात टाकलं," ती म्हणाली. "काकाजी, मले तुमाले त्या दिवशीचं..."

पदर सुटला. उजवा हात खिडकीच्या लाकडी फळीवर आला आणि वाजायला लागला. बोटं फळीवर, नखं पांढरी. ती बोलायची थांबली. तिनं रुपरावकडे पाहिलं नाही, हाताकडेही रागानं पाहिलं नाही. घरातलं वडीलधारं माणूस बोलायला लागलं की पोरं तोंड मिटून थांबतात, तशी ती त्याचं होईपर्यंत थांबली.

सिंधूताई चष्म्यातून हसली. "पाहा कशी आहे. तोंड असून तारेवर बोलते. सॉरी म्हणून राहिली तुमाले. दोनदा म्हटलं."

"ते म्हणून राहिलं," रुपराव म्हणाला. "तू म्हण. तोंडानं म्हण, पोरी."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आत कुठलंसं यंत्र वाजायला लागलं, छोटा, लांब, लांब, छोटा, आणि हात आधी वळला, मग खांदा, मग ती. रुपरावनं फळीवर हात ठेवून पाहिला. लाकूड थंड होतं.

तर फळीवर वाजली ती माफी त्यानं धरली नाही. ज्याची होती त्यानं ठेवावी. मास्तर तर माफी मागून मोकळे झाले आणि वरही गेले. राहिली ती एकाच माणसाची, तिच्या स्वतःच्या तोंडची, आणि रुपराव अजून वाट पाहतो आहे. तिचं नाव प्रेमलता देवराव गजभिये.